सणाचे दिवस आणि आपली पवारणा

(आश्विन पौर्णिमेस वर्षावास समापनाच्या कार्यक्रमात संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करणे हा आमचा प्रांत नव्हे. आमचा प्रांत आकड्यांचा. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून लोकांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी विहारात येऊन संस्थेच्या वर्गणीचा हिशेब लिहायचा, असा आमचा क्रम गेली काही वर्षे चालू आहे. कला शाखेची पदवी घेऊन आम्ही बँकेत चिकटलो आणि तेव्हापासून पुस्तकांपेक्षा पासबुकेच जास्त वाचली. त्यामुळे आज विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. अध्यक्षांनी सांगितले की, सणासुदीच्या दिवसांवर चार शब्द बोला. खजिनदाराने सणावर बोलायचे म्हणजे खर्चावरच बोलणार, हे त्यांनी ओळखले असावे.

आज आश्विन पौर्णिमा. पाचच दिवसांपूर्वी आपण अशोक विजयादशमी साजरी केली. आजपासून पंधरा दिवसांवर दिवाळी आहे. पुढे ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी आपण दादरच्या चैत्यभूमीवर रांगेत उभे राहू. २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण करू, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊ आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करू. म्हणजे दसऱ्यापासून जानेवारीपर्यंतचे हे तीन महिने आपल्या वस्तीत कधी आनंदाचे, कधी दुःखाचे, पण सतत गजबजलेले असतात. याच तीन महिन्यांत बोनस हातात पडतो आणि याच तीन महिन्यांत तो हातातून जातो.

तो कसा जातो, हे आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बँकेत पाय ठेवायला जागा नसते. कोणी सणाची उचल घेतो, कोणी मुदतीच्या आधी ठेव मोडतो, कोणी बायकोच्या गळ्यातले डोरले आणून सोनेतारण कर्जाचा अर्ज भरतो. विचारले, काय काढले? तर उत्तर येते, सण आहे साहेब. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच माणसे पुन्हा येतात. आता चेहरा उतरलेला असतो, हप्ता थकलेला असतो. बिनव्याजी म्हणून घेतलेल्या वस्तूवर प्रक्रिया शुल्क लागले होते आणि रोखीची सूटही गेली होती, हे तेव्हा लक्षात येते. गहाण सोने वेळेत सोडवले नाही तर शेवटी लिलावात निघते, हेही तेव्हाच कळते. चार दिवसांच्या आनंदासाठी चार महिन्यांची झोप गहाण पडते. यात आपल्या समाजाची माणसे असतात, इतर समाजांचीही असतात. सण आला की सगळ्यांची नाडी सारखीच धावते.

मग खरे महत्त्वाचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. ते आजच्या पौर्णिमेतच आहे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आज तो संपतो, हे आपण सर्व जाणतो. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत, त्यांच्या पायाखाली कोवळे अंकुर आणि लहान जीव चिरडले जात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. तीन महिने एकत्र राहिले म्हणजे भांड्याला भांडे लागणारच. म्हणून समाप्तीच्या दिवशी काय करायचे, तर पवारणा. प्रत्येक भिक्खू संघासमोर हात जोडून विनंती करतो की, माझा काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा आपल्याला तशी शंका आली असेल, तर माझ्यावर अनुकंपा करून तो मला सांगावा. थोर भिक्खूही हे करतो आणि कालचा नवा भिक्खूही करतो.

मित्रहो, जगात सण पुष्कळ आहेत. पण ज्या सणाच्या दिवशी माणूस आपण होऊन म्हणतो की माझे काय चुकले ते मला सांगा, असा हा सण आपल्या वाट्याला आला आहे. आणि आपण तो कसा साजरा करतो? खीरदान झाले, सत्कार झाले, फोटो झाले की घरी. भिक्खू संघाची पवारणा भिक्खू संघ करील. पण आपण गृहस्थांनी आपली पवारणा कधी करायची? आमचे म्हणणे आज एवढेच आहे की सणाचा खर्च करण्याआधी ती करावी. आणि दुसऱ्याला सांगण्याआधी आम्ही स्वतःपासून सुरुवात करतो.

आमचे मूळ गाव वर्धा जिल्ह्यातले. आमची आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण १४ ऑक्टोबर १९५६ तिला तोंडपाठ होता. ती सांगत असे, बाबासाहेब नागपूरला येणार म्हणून गावात बातमी आली, तेव्हा घरात रोख पैसा नव्हता. तिने हातातले चांदीचे कडे मोडले. त्या पैशात आजोबांना पांढरे धोतर आले, तिला पांढरे लुगडे आले आणि उरलेले वाटखर्चाला. भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून गावातली माणसे निघाली. काही वाट पायी, काही वाट गाडीने. तिकडे पूज्य भन्ते चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या त्या समुदायाला स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजीला बाबासाहेब दिसले ते अगदी लांबून. ती म्हणायची, दिसले किती ते विचारू नका, ऐकू आले ते पुरे झाले.

ते कडे पुन्हा कधी झाले नाही. पण आजीने त्याची हळहळ केल्याचे आम्हाला आठवत नाही. परत आल्यावर तिने पहिले काम केले ते आमच्या वडिलांना शाळेत पाठवण्याचे. ते शिकले म्हणून आम्ही शिकलो आणि आम्ही शिकलो म्हणून आज या माईकसमोर उभे आहोत. म्हणजे दागिना तेव्हाही मोडला जात होता आणि आजही गहाण पडतो आहे. फरक एवढाच की, त्या कड्याच्या मोबदल्यात घरात काय आले आणि आजच्या डोरल्याच्या मोबदल्यात काय येते, हे तपासले पाहिजे. आम्ही खर्चाच्या विरुद्ध नाही. आमची आजी तर त्या दिवशी ऐपतीबाहेर खर्च करून गेली होती. पण कशासाठी चाललो आहोत, हे तिला ठाऊक होते.

आता तिच्या नातवाची गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरी मोठा टीव्ही आला. मुलांचा आग्रह होता, शेजारी आला होता आणि बँकेतल्या माणसाच्या घरी नाही म्हणजे काय, हा आमचाही एक गर्व होता. हप्त्यावर घेतला. दोन खोल्यांचे घर. टीव्हीला साजेशी भिंत एकच होती आणि त्या भिंतीला आईची खाट होती. खाट स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री आम्ही सर्वजण हौसेने टीव्हीसमोर बसलो. पाणी प्यायला आत गेलो तर आई अंधारात जागी. आम्ही विचारले, आई, इथे झोप लागत नाही का? ती म्हणाली, "मले इथंच बरं हाये बापा. पानी जवळ हाये."

तिने तक्रार केली नाही. केली असती तर आम्ही दोन शब्द बोलून मोकळे झालो असतो. तिने आमचीच बाजू सावरून घेतली, म्हणून ते वाक्य अजून मनातून जात नाही. पुढचे अठरा महिने आम्ही त्या टीव्हीचा हप्ता न चुकता भरला. आईची खाट मात्र तिसऱ्या महिन्यात, तिला खोकला धरला तेव्हा, पुन्हा भिंतीशी आली. टीव्ही कपाटावर चढला आणि तिथूनही तो तितकाच चांगला दिसतो.

सिगाल या तरुणाची कथा विहारात अनेकदा सांगितली जाते. राजगृहात तो रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत असे. वडिलांनी मरताना सांगितले होते म्हणून जोडत असे. का, ते त्याला माहीत नव्हते. तथागतांनी त्याला दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे आचार्य, म्हणजे शिकवणारे. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती. खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण, साधुपुरुष. दिशांना नमस्कार म्हणजे या माणसांप्रती आपले कर्तव्य पार पाडणे. मित्रहो, आम्ही त्या दिवाळीत घराला माळा लावल्या, दारात दिवे लावले. पण पूर्व दिशा आम्ही स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती आणि तिथे दिवा नव्हता.

ही झाली घरची पवारणा. आता संस्थेची. खजिनदार म्हणून तीही आम्हालाच केली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आपणां सर्वांना आठवत असेल. आपल्या वस्तीने तोवर केला नव्हता एवढा मोठा कार्यक्रम केला. दारोदार वर्गणी फिरली. बासष्ट हजार रुपये जमले. डीजे आला, कमान आली, नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर सर्व कार्यकर्त्यांचे फोटो होते. त्यात आपल्याच वस्तीतल्या एका मुलाचा फोटो होता. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील नाहीत, आई चार घरची कामे करते. त्या दहा दिवसांत त्याने खुर्च्या उचलल्या, दोऱ्या बांधल्या, रात्री जागून मंडप राखला. आम्ही व्यासपीठावरून त्याचे नाव घेऊन कौतुकही केले.

जानेवारीत तो आमच्या काउंटरवर आला. एका कंपनीचे पार्सल पोहोचवण्याचे काम लागले होते, त्यासाठी खाते उघडायचे होते. आम्ही फॉर्म पुढे सरकवत सहज विचारले, "काय रे, परीक्षा कशी गेली?" तो म्हणाला, "काका, फॉर्मच भरला नाही." परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत नेमकी आपल्या कार्यक्रमाच्या आठवड्यात संपली होती. फी होती दोन हजारांच्या आत. आईचा त्या महिन्याचा पगार आजारपणात गेला होता. आम्ही म्हटले, अरे, मग सांगायचे नाहीस का? त्यावर तो म्हणाला, "तुम्ही सगळे कार्यक्रमाच्या गडबडीत होतात."

बासष्ट हजारांचा हिशेब आम्ही पै-पैसह लिहून ठेवला आहे. ते वहीचे पान आजही कोणी तपासावे, एक रुपया इकडचा तिकडे सापडणार नाही. पण त्या पानावर दोन हजारांची एक नोंद असायला हवी होती, ती नाही. फ्लेक्सवर त्याचा फोटो होता, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर नव्हता. आणि हा कार्यक्रम कोणाच्या नावाने? ज्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आपल्या मुलांसाठी महाविद्यालयाचे दार उघडले, त्यांच्या नावाने. आम्ही तोच दिवस साजरा करीत होतो आणि त्याच दिवसांत आमच्या मंडपातला एक मुलगा कॉलेजातून गळत होता.

यावर पुढच्या वर्षीच्या बैठकीत वाद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. डीजे बंद करून ते पैसे परीक्षा फीसाठी ठेवावेत असे आम्ही सुचवले. तरुण मंडळी नाराज झाली. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ते म्हणाले, ज्या रस्त्यावरून आपल्या पणजोबांना मान वर करून चालता येत नव्हते, त्या रस्त्यावरून आपण वाजतगाजत जातो, याला अर्थ आहे. बाकीच्यांच्या मिरवणुका वाजतात, मग आपलीच मुकी का? या प्रश्नाला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. उत्तर एका वयस्कर उपासिकेने दिले. ती उठून म्हणाली, "मिरवणूक काढा की. कोण नको म्हणतंय? पण आधी पोरांची फी भरा, मग वाजवा. पोरगं घरी बसवून वाजवलेलं मला ऐकवत नाही." बैठक तिथेच संपली. आता मिरवणूक निघते, पांढऱ्या कपड्यांत, निळ्या झेंड्यांनिशी, आपल्याच मुलामुलींच्या लेझीमवर. आणि वर्गणीच्या वहीत पहिली नोंद परीक्षा फीची असते.

त्या मुलाने यंदा नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. दिवसा पार्सले पोहोचवतो, रात्री आपल्या अभ्यासिकेत बसतो. तो शिकेल याची आम्हाला खात्री आहे. पण त्याचे गेलेले वर्ष आपली कोणतीही वर्गणी परत देऊ शकणार नाही, हेही आम्ही विसरत नाही.

कोणी म्हणेल, सणाला असे तपासणे हा खजिनदाराचा रुक्षपणा आहे. तसे नाही. हे काम आपल्या आधी सम्राट अशोकाने केले आहे आणि त्याची खूण आपल्या दाराशी आहे. आपण ज्या सोपाऱ्याच्या परिसरात राहतो, तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खननाने उजेडात आणला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. पुढे नवव्या शिलालेखाचा तुकडा आपल्या वसई तालुक्यातल्या भुईगावला सापडला, आणि तो सापडला १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. हा योगायोग आहे. पण त्या लेखातला विषय पाहा.

त्यात अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाले म्हणून, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगल विधी करतात. त्यांपैकी पुष्कळसे क्षुल्लक असतात आणि त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारे मंगल एकच, ते म्हणजे धम्ममंगल. ते कशात आहे? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. आणि पुढे तो सांगतो की हे चांगले आहे, हे केले पाहिजे, असे बापाने, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने, इतकेच काय शेजाऱ्यानेही एकमेकांना सांगावे. त्या लेखात निरर्थक विधींबद्दल स्त्रियांना विशेष बोल लावला आहे. आमच्या भगिनींनी तो मनावर घेऊ नये. आज लेख कोरायचा झाला तर अशोकाला डीजेपुढे नाचणाऱ्या पुरुषांचे नाव आधी घालावे लागेल!

पहिल्या शिलालेखात तर अशोकाने मेळे आणि उत्सव यांबद्दलच लिहिले आहे. अशा समाजांत म्हणजे मेळ्यांत पुष्कळ दोष दिसतात, असे तो म्हणतो. पण लगेच पुढे असेही म्हणतो की काही समाज चांगलेही असतात. मित्रहो, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा राजा उत्सव सरसकट बंद करीत नाही. तो उत्सवाची निवड करायला सांगतो. आपणही तेवढेच म्हणतो आहोत.

आनंद करू नये, मुलांना नवे कपडे घेऊ नयेत, घरी गोडधोड करू नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. बौद्धांनी दिवाळीत फराळ करावा की नाही, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी लक्ष्मीपूजन करायचे नाही, याबद्दल वाद नाही. पण शेजारच्या मुलांच्या हातात करंजी असताना आपल्या लेकराने कोरड्या तोंडाने उभे राहावे, असेही नाही. करंजीने धम्म बुडत नाही. कर्जाने घर मात्र बुडते.

कोलिय कुळातला दीघजाणू नावाचा एक गृहस्थ तथागतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी. आम्हाला या जन्मी सुख होईल असे काही सांगा. तथागतांनी त्याला संसार सोडायला सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने आणि कौशल्याने कमवा. कमावलेले जपा. चांगल्या माणसांची संगत धरा. आणि समजीविता ठेवा, म्हणजे आवक-जावक पाहून राहा. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळला पाहिजे. थोडे मिळवून थाटात राहणाऱ्याला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. तो दोन उंबरे खाण्यासाठी सगळे झाड हलवतो आणि बाकीची फळे मातीत जातात. पण त्याच बरोबर, भरपूर मिळवून कंजूषपणे राहणाऱ्याचेही त्यांनी कौतुक केले नाही. अशा माणसाला लोक उपाशी मेला म्हणतील, असे सांगितले. बँकेत आम्ही दोन्ही प्रकारचे खातेदार पाहिले आहेत.

सिगालाला तर त्यांनी वाटणीच करून दिली आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. आता समजा, वीस हजार बोनस मिळाला. पाच हजारांत कपडे, फराळ, मुलांची हौस. दहा हजार कामधंद्यात. आमच्या समजुतीने आपल्या घरात आज पहिला कामधंदा म्हणजे मुलांचे शिक्षण. त्यात फी आली, पुस्तके आली, कोणाला शिलाई मशीन घ्यायचे असेल तर तेही आले. उरलेले पाच हजार बँकेत, आजारपणासाठी. बोनस पाच हजार असेल तर बाराशे-साडेबाराशेत सण करा. हिशेब तोच. सण त्यात बसतो, असे आम्ही गेली दोन वर्षे करून पाहिले आहे. पहिल्या वर्षी मुले थोडी फुरंगटली, दुसऱ्या वर्षी मुलीनेच वहीत चार रकाने आखले.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. तुमचा फॉर्म अडला, फी अडली, पुस्तक अडले तर लाजू नका. आमच्या घरी या, बँकेत या, विहारात या. आम्ही गडबडीत दिसलो तरी या. तुमच्या शिक्षणापेक्षा मोठी गडबड या संस्थेत कोणतीही नाही, हे आम्हाला उशिरा कळले, पण कळले आहे. आणि एक काम तुमच्यावरही आहे. तुमची आई किंवा आजी विहारात ग्रंथवाचन ऐकते, पण बँकेत अंगठा उठवते. या दिवाळीच्या सुट्टीत तिला सही शिकवा. पंधरा दिवस पुरतात. अंगठ्याच्या जागी पहिल्यांदा सही करणाऱ्या बाईचा चेहरा आम्ही काउंटरवरून पाहिला आहे. सणाला घरी आणता येईल अशी त्याहून मोठी वस्तू आम्हाला तरी कोणत्या दुकानात दिसलेली नाही.

शेवटी, आज घरी गेल्यावर एवढेच करा. खरेदीची यादी लिहिण्याआधी घरातल्या माणसांना एकदा जवळ बसवा आणि विचारा, या वर्षात माझे तुमच्याशी काय चुकले? आईला विचारा, पत्नीला विचारा, मुलांना विचारा, घरी भांडी घासायला बाई येत असेल तर तिलाही विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. मग यादी लिहा. ती यादी आधीच्यापेक्षा निराळी होईल आणि बहुतेक लहान होईल.

आम्ही ही सुरुवात आज इथेच करतो. खजिनदार म्हणून आमचा काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर कार्यक्रम संपल्यावर आम्हाला सांगावा. वही टेबलावर उघडी ठेवली आहे. पहिल्या पानावर परीक्षा फीची यादी आहे. यंदा तिच्यात अकरा नावे आहेत, मुदत संपायला सहा दिवस आहेत आणि दोन नावांची रक्कम अजून जमायची आहे. ती जमल्याशिवाय यंदा आमच्या घरी कंदील लागणार नाही.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!